कातळ, हिमनदी आणि पादत्राण : नवी मुंबई परिसराच्या संदर्भात महाराष्ट्रातील गिर्यारोहणाच्या बुटांचा इतिहास

प्रस्तावना

गिर्यारोहणाचा इतिहास बहुधा शिखरांचा, मोहिमांचा आणि त्यांच्या नेत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. साधनसामग्रीचा उल्लेख आलाच तर तो मोहिमेच्या अहवालाच्या शेवटी, यादीच्या स्वरूपात येतो. वस्तुतः पर्वतावर माणसाचा भूमीशी होणारा प्रत्यक्ष संबंध पायाच्या तळव्याशी घडतो, आणि तळवा व भूमी यांच्यामध्ये केवळ पादत्राण असते. ते चुकले तर धैर्य, प्रशिक्षण आणि नियोजन या तिन्ही गोष्टी निरुपयोगी ठरू शकतात.

महाराष्ट्रातील गिर्यारोहकाच्या बाबतीत या प्रश्नाला एक वेगळे परिमाण आहे. त्याचे शिक्षण सह्याद्रीच्या उष्ण, दमट आणि काळ्या कातळावर होते. त्याची आकांक्षा मात्र हिमालयातील हिमनद्या आणि बर्फाच्छादित शिखरे यांकडे असते. या दोन भूप्रदेशांना लागणारी पादत्राणे परस्परविरोधी गुणांची आहेत. एका ठिकाणी मऊ, लवचीक आणि हलका तळ उपयोगी पडतो. दुसऱ्या ठिकाणी कठीण, न वाकणारा आणि उष्णता राखणारा बूट आवश्यक असतो. एका बुटाकडून दुसऱ्या बुटाकडे झालेला हा प्रवास महाराष्ट्रात कसा घडला, तो कोणत्या कारणांनी दीर्घकाळ रखडला आणि बुटाची 'निवड' करणे सामान्य गिर्यारोहकाला केव्हा शक्य झाले, यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. डोंगर, बंदर आणि बाजारपेठ या तिन्ही गोष्टी नवी मुंबई परिसरात एकत्र आढळत असल्याने तो परिसर येथे संदर्भ म्हणून घेतला आहे.

सह्याद्रीचा कातळ आणि पायताण

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांच्या भूमीवर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. या शहराच्या पूर्वेस आणि दक्षिणेस पारसिक व खारघरच्या टेकड्या, कर्णाळा, माणिकगड, इरशाळगड, प्रबळगड आणि कलावंतीण दुर्ग अशी डोंगररांग पसरली आहे. प्रबळगडाची उंची सुमारे ७०० मीटर आहे. हिमालयाच्या तुलनेत ती नगण्य असली, तरी येथील चढाईची कठीणता उंचीने मोजता येत नाही. दख्खनच्या लाव्हाथरांतून बनलेला बेसाल्ट खडक, त्यावरील सुटा मुरूम, उतारावरचा घसारा आणि पावसाळ्यात कातळावर चढणारे शेवाळ ही येथील खरी आव्हाने आहेत. कलावंतीण दुर्गाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या किंवा कर्णाळ्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका पाहिला, म्हणजे या भूमीवर पाय ठेवण्याचे शास्त्र निराळे का आहे हे ध्यानात येते.

या डोंगरांच्या कुशीत राहणाऱ्या ठाकर, कातकरी आदी समाजांनी हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी पायांनी आत्मसात केले. अनवाणी तळव्याला कातळाचा खडबडीतपणा, ओल आणि उतार यांची जाणीव थेट होते. पुढे मोटारीच्या जुन्या टायरचा तळ लावलेल्या चपला सह्याद्रीच्या खेड्यापाड्यांत रूढ झाल्या. रबराची पकड, दीर्घ टिकाऊपणा आणि अल्प किंमत या तीन गुणांमुळे त्या घाटवाटांवर सर्रास दिसू लागल्या. मराठीत पादत्राणांसाठी वहाण, पायताण, जोडा, चढाव असे अनेक शब्द आहेत; परंतु घोटा झाकणाऱ्या, थंडी रोखणाऱ्या बुटासाठी अस्सल देशी शब्द रूढ झालेला दिसत नाही. त्याचे कारण उघड आहे. ज्या प्रदेशात बर्फ पडत नाही, तेथील चर्मकारापुढे बर्फावर चालण्याच्या पादत्राणाचा प्रश्न कधी उपस्थितच झाला नव्हता.

खिळ्यांपासून रबराकडे

हिमनदीवरील बुटांचा विकास प्रामुख्याने आल्प्स पर्वताच्या परिसरात झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गिर्यारोहकाचा बूट म्हणजे जाड कातड्याचा, तळाला लोखंडी खिळे ठोकलेला बूट होय. हे खिळे गवताळ उतारावर, ओल्या खडकावर आणि घट्ट बर्फावर पकड देत. परंतु धातू उष्णतेचा सुवाहक असल्याने पायाची ऊब खिळ्यांवाटे बाहेर जाई आणि हिमदंशाचा धोका वाढे. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्यांच्या पायात खिळे ठोकलेला कातडी बूट होता. आठ हजार मीटरहून अधिक उंचीवर माणूस तशा बुटांनिशी पोहोचला होता, ही बाब त्या काळातील धैर्याइतकीच त्या काळातील साधनांच्या मर्यादेचीही साक्ष देते.

क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधावयाची पोलादी दातांची चौकट, हे दुसरे महत्त्वाचे साधन. ऑस्कर एकेनस्टाइन यांनी १९०८ च्या सुमारास दहा दातांच्या क्रॅम्पॉनची रचना सिद्ध केली आणि १९२९ मध्ये लॉरेंट ग्रिव्हेल यांनी तिच्यात पुढे आलेल्या दोन दातांची भर घातली. त्यामुळे उभ्या बर्फावर बुटाचे टोक रोवून चढणे शक्य झाले. मात्र पुढच्या दातांवर शरीराचा भार पेलायचा तर बुटाचा तळ न वाकणारा असला पाहिजे. अशा रीतीने क्रॅम्पॉनच्या सुधारणेने बुटाच्या कठीणपणाची आवश्यकता निर्माण केली.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना १९३५ मध्ये आल्प्समधील पुंटा रासिका या शिखरावर घडली. खडकावरील चढाईसाठी हलके, मऊ तळाचे जोडे घालून गेलेल्या इटालियन गिर्यारोहकांना अचानक आलेल्या हिमवादळाने गाठले. बर्फाने झाकलेल्या खडकावर ते जोडे निरुपयोगी ठरले. खिळ्यांचे बूट खाली ठेवलेले होते. या दुर्घटनेत सहा जणांचा मृत्यू झाला. त्या तुकडीशी संबंधित असलेले विताले ब्रमानी यांनी त्यानंतर खडक आणि बर्फ या दोहोंवर चालू शकेल अशा तळाचा ध्यास घेतला. १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ त्यांनी तयार केला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'व्हिब्रम' हे नाव रूढ झाले आणि खिळ्यांचे युग क्रमाने संपुष्टात आले. कातळासाठी योग्य असलेला जोडा बर्फावर प्राणघातक ठरतो, हा रासिकाचा धडा सह्याद्रीतून हिमालयात जाणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बुटांचा विचार प्रयोगशाळेच्या पातळीवर झाला. ब्रिटनमधील पादत्राण-उद्योगाच्या संशोधन संस्थेने अतिउंचीसाठी उष्णतारोधक थर असलेले विशेष बूट तयार केले होते. तरीही २९ मे १९५३ च्या पहाटे एडमंड हिलरी यांना आपले बूट गोठून कडक झाल्याचे आढळले. ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. तेन्झिंग नोर्गे यांनी मात्र रात्रभर बूट पायांतून काढले नव्हते. त्यांचे बूट आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेशी संबंधित, रेनडियरच्या कातड्याचे होते. उत्तम बूट लाभणे आणि तो योग्य रीतीने वापरणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

१९५४ : तीन घटना

१९५४ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी ३१ जुलै रोजी इटालियन मोहिमेने के-२ शिखर सर केले. या मोहिमेत रबरी तळाचे बूट वापरले गेले आणि ब्रमानी यांच्या संशोधनावर जगाने शिक्कामोर्तब केले. परंतु त्याच मोहिमेत हुंझा प्रदेशातील अमीर मेहदी या उंचावरील भारवाहकाला सुमारे ८,१०० मीटर उंचीवर, वॉल्टर बोनाटी यांच्यासमवेत तंबूविना उघड्यावर रात्र काढावी लागली. शिखरचढाईसाठी लागणारा प्राणवायू ते दोघे वर घेऊन गेले होते. मेहदी यांच्या पायांतील बूट साध्या लष्करी बनावटीचे आणि त्यांच्या मापाहून लहान होते. बोनाटी त्या रात्रीतून धडधाकट बाहेर पडले. मेहदी यांना पायांची सर्व बोटे गमवावी लागली. शिखर एकच, रात्र एकच; फरक होता तो कोणाच्या वाट्याला कोणते बूट आले याचा. पर्वतावरील पादत्राण हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न नसून वाटपाचाही प्रश्न आहे, हे या घटनेइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटची स्थापना झाली आणि भारतीय तरुणांना हिमालयातच शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळण्याची सोय झाली. त्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार' ही गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. सह्याद्रीतील भटकंतीला संघटित रूप देणाऱ्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. म्हणजे जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर नव्या बुटाची कसोटी लागत असताना भारतात प्रशिक्षणाची आणि महाराष्ट्रात संघटनेची पायाभरणी होत होती. या तिन्हींमधील अंतर मात्र मोठे होते. संघटना होती, प्रशिक्षणाची वाट खुली होती. बूट मात्र उपलब्ध नव्हता.

कॅनव्हासचा बूट

स्वातंत्र्योत्तर भारतात थंड व उंच प्रदेशासाठी योग्य बूट नसण्याची किंमत सर्वप्रथम सैन्याने मोजली. १९६२ च्या चीन युद्धात नेफा आघाडीवरील अनेक जवान सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट यांनिशी बर्फाळ प्रदेशात लढले. या युद्धानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली आणि त्यानंतरच्या काळात पर्वतीय युद्धासाठी स्वतंत्र विभागांची उभारणी झाली. १९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचिन हिमनदीवर भारतीय सैन्याने ठाणी उभारली, तेव्हा शत्रूच्या गोळीइतकाच हिमदंश हा शत्रू आहे हे सत्य पुन्हा एकदा समोर आले आणि परदेशी बनावटीचे उष्णतारोधक बूट मागवावे लागले.

सैन्याने जो कॅनव्हासचा बूट बर्फावर अपुरा ठरविला, तोच महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या दुर्गभ्रमणाचा आधार बनला. 'हंटर' या नावाने ओळखला जाणारा, घोट्यापर्यंत येणारा, कॅनव्हासचा आणि रबरी तळाचा बूट मुंबई-पुण्याच्या दुर्गप्रेमींमध्ये लोकप्रिय झाला. तो स्वस्त होता, पावसात भिजून लवकर वाळत असे, ओढ्यातून बेधडक चालता येत असे आणि तळ झिजल्यास कोपऱ्यावरचा मोचीही तो दुरुस्त करीत असे. सह्याद्रीसाठी हा बूट जवळजवळ आदर्श होता. पुढे २००० नंतरच्या दशकात 'अ‍ॅक्शन' कंपनीचे 'ट्रेकिंग' बूट त्याच्या जोडीला आले आणि घसाऱ्यावर व ओल्या कातळावर चांगली पकड देणारे म्हणून त्यांचा लौकिक झाला.

अडचण निर्माण झाली ती हा बूट हिमालयात गेल्यावर. गवताळ कुरणे आणि पायवाटा असेपर्यंत तो साथ देई. परंतु हिमोढावरील टोकदार दगड, सकाळचा गोठलेला बर्फ आणि दुपारचा भुसभुशीत बर्फ यांच्याशी गाठ पडताच त्याच्या मर्यादा उघड होत. कॅनव्हास वितळलेल्या बर्फाचे पाणी शोषून घेई. रात्री तेच पाणी गोठत असे. तळ वाकत असल्यामुळे बर्फात पायरी खोदता येत नसे आणि क्रॅम्पॉन नीट बांधला जात नसे. सह्याद्रीत कमावलेला पायाचा आत्मविश्वास येथे फसवा ठरण्याची शक्यता होती.

भांडारातील बूट

या काळात मराठी तरुणांच्या पायांत पहिला खरा हिमबूट आला तो प्रशिक्षण संस्थांच्या भांडारातून. दार्जिलिंगनंतर मनाली येथे आणि १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगची स्थापना झाली. तेथील सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला बूट, क्रॅम्पॉन, हिमकुऱ्हाड हे साहित्य संस्थेकडून मिळे. आधी कातडी, नंतर प्लास्टिकच्या कवचाचे दुहेरी बूट या भांडारांत आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोपात प्रचारात आलेल्या या प्लास्टिकच्या बुटात बाहेरचे कवच पाणी अडवी आणि आतला सुटा लोकरी वा फोमचा जोडा ऊब राखी. रात्री आतला जोडा काढून झोपण्याच्या पिशवीत ठेवता येत असल्याने १९५३ मध्ये हिलरी यांना आलेली अडचण बव्हंशी दूर झाली.

तथापि भांडारातील बूट हा अनेकांनी वापरलेला असे आणि मापांची उपलब्धता मर्यादित असे. बुटाला पाय जुळविण्याची वेळ विद्यार्थ्यावर येई. सैल बुटात जाड मोजे कोंबणे किंवा घट्ट बुटात पातळ मोज्यावर भागविणे हे दोन्ही उपाय धोकादायक होत. सैल बुटात टाच उचलली जाऊन फोड येतात. घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे गोठू लागतात. अमीर मेहदी यांच्या बाबतीत जे टोकाला गेले, त्याचे सौम्य रूप म्हणजे भांडाराच्या दारातील हा रोजचा व्यवहार होता, असे म्हणता येईल.

याच मर्यादित साधनांच्या काळात महाराष्ट्रातील नागरी गिर्यारोहकांनी मोठी उडी घेतली. १९८८ मध्ये वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली गिरिविहारची कांचनगंगा मोहीम निघाली. सैन्याचे वा निमलष्करी दलाचे पाठबळ नसलेल्या गिर्यारोहकांनी आठ हजार मीटरच्या शिखराचा ध्यास घेणे हेच त्या काळी अपूर्व होते. १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि असे करणारे ते पहिले महाराष्ट्रीय ठरले. अशा मोहिमांसाठी निधी उभारताना बूट, कपडे आणि तंबू यांवरील खर्च हा मोठा भाग असे. काठमांडूच्या ठामेल भागात मिळणारे, परदेशी मोहिमांनी वापरून विकलेले साहित्य हा अनेक भारतीय गिर्यारोहकांचा दीर्घकाळ आधार होता.

बंदर आणि बाजारपेठ

योग्य बूट दुर्मीळ असण्याचे कारण केवळ गरिबी नव्हते. स्वातंत्र्योत्तर आयात-धोरणात उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक परिमाणात्मक निर्बंध होते आणि चामड्याच्या पादत्राणांच्या निर्मितीचा मोठा भाग लघुउद्योगांसाठी राखीव होता. परिणामी परदेशी हिमबूट सरळ मार्गाने बाजारात येत नसे आणि देशात तो बनविण्याइतकी मागणी व यंत्रसामग्री एका ठिकाणी जमत नसे. जागतिक व्यापार संघटनेतील वादात १९९९ मध्ये भारताविरुद्ध निर्णय गेल्यानंतर हे निर्बंध उठविण्यात आले. एप्रिल २००० मध्ये ७१४ आणि एप्रिल २००१ मध्ये ७१५ वस्तू मुक्त झाल्या. २००१ मध्येच चामड्याच्या पादत्राणांवरील लघुउद्योगांचे आरक्षणही उठले. गिर्यारोहणाच्या इतिहासात या तारखांची नोंद सहसा होत नाही. परंतु सामान्य गिर्यारोहकाच्या पायाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व एखाद्या शिखरविजयापेक्षा कमी नाही.

या बदलाचा भूगोल पाहता नवी मुंबईचे स्थान लक्षात येते. १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर याच परिसरात असून देशातील प्रमुख कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. म्हणजे प्रबळगडाच्या माथ्यावरून दिसणाऱ्या खाडीपलीकडेच खुल्या आयातीचे एक मुख्य प्रवेशद्वार उभे राहिले. २००९ मध्ये भारतात आलेल्या डेकॅथलॉनसारख्या क्रीडासाहित्याच्या साखळी-दुकानांमुळे बूट पायात घालून पाहून विकत घेणे शहरी मध्यमवर्गाला शक्य झाले.

याच शहराने तिसऱ्या प्रकारच्या पादत्राणाचाही परिचय करून दिला. बेलापूर परिसरातील शिळांवर प्रस्तरारोहणाचा सराव रुजला आणि २०१६ व २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. या खेळातील जोडा पायाला घट्ट बसणारा, मऊ आणि चिकट रबराच्या गुळगुळीत तळाचा असतो. तो घालून दहा पावले चालणेही कष्टाचे, पण बोटभर कंगोऱ्यावर उभे राहणे त्यामुळे साधते. एकाच शहरात कातळाचा जोडा, डोंगरवाटेचा बूट आणि हिमबूट असे तीन प्रकार ओळखीचे होणे ही महाराष्ट्राच्या गिर्यारोहणातील नवी अवस्था होय.

निवडीचे निकष

निवड शक्य झाली, म्हणजे निवडीचे ज्ञानही आवश्यक ठरले. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या वर्गीकरणात बुटांचे बी-० ते बी-३ असे चार वर्ग मानले जातात. बी-० बूट वाकतो आणि क्रॅम्पॉनसाठी अयोग्य असतो. सह्याद्रीतील जवळजवळ सर्व बूट या वर्गात मोडतात. बी-१ काहीसा कठीण असून पट्ट्यांनी बांधावयाचा क्रॅम्पॉन त्यावर चालतो. बी-२ च्या टाचेला क्रॅम्पॉनची कडी अडकविण्यासाठी खाच असते. हिमनदीवरील दीर्घ चालीसाठी तो उपयुक्त ठरतो. बी-३ पूर्णतः ताठ असून त्याला पुढे व मागे दोन्हीकडे खाच असते. उभ्या बर्फासाठी तोच योग्य.

उंचीचा निकष यापासून वेगळा आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. पनवेलला ३० अंश तापमान असताना ६,००० मीटर उंचीवर केवळ उंचीमुळेच ते सुमारे ३९ अंशांनी कमी असेल. वारा आणि रात्र यांचा परिणाम त्यात निराळा. म्हणून सहा हजार मीटरच्या आसपासपर्यंत उन्हाळी हंगामात उत्तम एकेरी बूट पुरू शकला, तरी त्यापुढे सुट्या आतील जोड्यासह दुहेरी बूट आणि आठ हजार मीटरच्या शिखरांवर गेटर जोडलेले बहुस्तरीय बूट वापरले जातात.

मापाचा निकष सर्वांत साधा आणि सर्वाधिक दुर्लक्षिलेला आहे. चालण्याने व उंचीने पाय सुजतात. म्हणून बूट सायंकाळी, ज्या मोज्यांसह वापरायचा त्यांच्यासहच घालून पाहावा लागतो. चढताना टाच उचलली जाऊ नये आणि उतरताना बोटे पुढे आपटू नयेत, ही त्याची कसोटी. क्रॅम्पॉन बुटावर बांधून घट्टपणा घरीच तपासावा लागतो. हिमभेगांच्या प्रदेशात क्रॅम्पॉन निसटणे म्हणजे दोरावरील सर्वांचा जीव टांगणीला लागणे होय.

नवी मुंबईसारख्या किनारी शहरात आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. अनेक आधुनिक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. उष्ण व दमट हवेत या द्रव्याचे रासायनिक विघटन होते आणि काही वर्षांत, बूट न वापरताही, तळ भुगा होऊन सुटू शकतो. जुन्या प्लास्टिकच्या कवचांनाही काळाच्या ओघात तडे जातात. हिमालयात तीन आठवडे वापरून उरलेला काळ कोकणच्या हवेत कपाटात ठेवलेला बूट वरून नवाकोरा दिसतो. त्याचा तळ मात्र पुढील मोहिमेत हिमनदीवरच निघून येऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी तळ दाबून, वाकवून आणि काही दिवस भार घेऊन चालून पाहणे हा येथील गिर्यारोहकासाठी औपचारिकतेचा भाग नसून सुरक्षिततेची पूर्वअट आहे.

समारोप

१९५० मध्ये मॉरिस हर्झॉग यांच्या फ्रेंच तुकडीने अन्नपूर्णा सर केले, तेव्हा हर्झॉग यांना हिमदंशामुळे हातापायांची बोटे गमवावी लागली. २०२१ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी' या संस्थेच्या गिर्यारोहकांनी त्याच शिखरावर पाऊल ठेवले. त्यापूर्वी २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेचे आठ जण एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये दहा जण कांचनगंगेवर पोहोचले होते. या सत्तर वर्षांत पर्वत बदलला नाही आणि मानवी पायही बदलला नाही. दोहोंमधील बूट बदलला, आणि तो महाराष्ट्रातील सामान्य घरातील तरुणाच्या आवाक्यात आला.

या इतिहासातून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली ही की, महाराष्ट्रीय गिर्यारोहक हिमालयात उशिरा पोहोचला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या उशिराचे कारण केवळ वृत्तीत किंवा भूगोलात शोधणे अपुरे ठरते. आयात-धोरण, संस्थांची भांडारे आणि बाजारपेठ यांनीही चढाईच्या सीमा आखल्या होत्या. दुसरी गोष्ट अशी की, निवडीचे स्वातंत्र्य मिळाल्यावर जबाबदारीही स्थानांतरित झाली. पूर्वी अयोग्य बूट ही परिस्थितीने लादलेली मर्यादा होती. आज ती बहुधा अज्ञानाची किंवा घाईची खूण ठरते. मात्र हे विधान सर्वांना सारखे लागू होत नाही. मोहिमेच्या सदस्याच्या पायात कोणता बूट आहे हे पाहताना त्याचे ओझे वाहणाऱ्याच्या पायात कोणता बूट आहे, हा प्रश्न १९५४ प्रमाणे आजही विचारावा लागतो. प्रबळगडाच्या पायथ्यापासून हिमनदीच्या मुखापर्यंत जाणाऱ्या कोणत्याही तुकडीने तो निघण्यापूर्वीच, प्रत्येक जोडी पावलांकडे पाहून, स्वतःला विचारणे इष्ट होय.